चव घेणारी

हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी आमच्या घरी सगळ्यात आधी आई जेवते. ऐकायला किती छान वाटतं. एरवी वर्षभर ती सगळ्यांच्या मागून जेवते, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, एक डोळा चुलीवर ठेवून. पण त्या दिवशी आजोबा, आजी, मोठे काका, सगळे हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत बसतात आणि ती हांडीतला एक तुकडा काढून तोंडात टाकते. तो तुकडा बचनागाचा असतो. मग ती चहाचा पेला हातात धरून बसते. चहा निवेपर्यंत तिची जीभ बधिर झाली नाही, ओठांना मुंग्या आल्या नाहीत, की आजोबा म्हणतात, "वाढा."

लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचं. त्याआधी आजीचं होतं. घरात नवी सून आली की हे काम तिच्याकडे जातं, आणि आमच्या घरात आईनंतर कोणी सून आलीच नाही. मोठी काकू आधी आली होती, पण ती शहरातली, चूचिंगची. तिच्या हातात तुकडा द्यायची कोणाची हिंमत झाली नाही.

बचनाग विष आहे हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तोच नीट शिजवला की औषध. आजोबांनी तरुणपणी तांब्याच्या खाणीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कामं केली, त्यांचे गुडघे थंडी पडली की दाराच्या बिजागरीसारखे वाजतात. बचनागाची हांडी पोटात गेली की ते पुढचे कित्येक आठवडे काठी कोपऱ्यात ठेवून हिंडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे कोणी सरसकट "हे अडाणी लोकांचे खेळ" म्हणायला लागलं की मला राग येतो. औषध खरं आहे. फक्त ते चूक माफ करत नाही.

म्हणून त्याचे नियम. हांडी आदल्या संध्याकाळी चढते, डुकराचे पाय, हॅमचं हाड, आल्याचे दगडाएवढे तुकडे आणि सोललेली मुळं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आच मंदावू द्यायची नाही. पाणी आटलं तर वरून गार पाणी घालायचं नाही, शेजारच्या किटलीतलं खळखळ उकळतं पाणीच घालायचं. गार पाणी पडलं की विष परत जागं होतं, असं आजी म्हणते. खाऊन झाल्यावर दारं बंद, वारा अंगावर घ्यायचा नाही, गार काही प्यायचं नाही, दारूचा तर थेंबही नाही. गार पाण्याचा नियम आमच्याकडे इतका कडक आहे की त्या दिवशी पाण्याची बादलीसुद्धा अंगणात नेऊन ठेवतात. चुकून कोणाचा हात जायला नको.

यंदा मी आदल्या दिवशी दुपारीच शाळेतून घरी आले होते. मी खाली बाजारपेठेतल्या शाळेत वसतिगृहावर राहते, नववीला आहे, आणि या सत्रापासून शाळेच्या ध्वनिक्षेपकावर सकाळच्या सूचना मी वाचते. बावीस मुलींमधून निवड झाली माझी. अख्ख्या मैदानावर माझा आवाज घुमतो, पहिलीची पोरं मान वर करून भोंग्याकडे बघतात, जणू मी त्यात बसलेय. घरी आल्यावरही माझा आवाज काही खाली येत नव्हता. आजीनं माझं नावच भोंगा ठेवलं होतं.

"भोंग्या, ताटल्या मांड."

"आजी, भोंग्याला रुईश्या असं एक सुंदर नाव आहे."

"भोंग्याला हात पण आहेत. मांड."

मला मजा वाटायची. खरं सांगायचं तर तेव्हा मला सगळ्याचीच मजा वाटत होती, कारण मोठे काका येणार होते. मोठे काका चूचिंगच्या एका शाळेत उपमुख्याध्यापक. पुढच्या वर्षी दहावीपासून मी त्यांच्याकडे राहून शिकायचं असं जवळजवळ ठरलं होतं. "जवळजवळ" हा शब्द काकांचा. या जेवणाला ते पक्कं सांगणार होते. मी मनातल्या मनात त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत माझे कपडेही वाळत घातले होते.

आई रात्रभर हांडीपाशी बसली. सकाळी तिचे डोळे लाल, केसांना कोळशाचा वास. दुपारी जेवणं झाल्यावर आजी तिला म्हणाली, "जा, जराशी पड. मी बघते." आजी असं सहसा म्हणत नाही, त्यामुळे आई घाईघाईनं जाऊन पडली, आजीचं मन बदलायच्या आत. मी अंगणात अक्रोड फोडत होते. तेवढ्यात आजीचा फोन वाजला, मोठ्या काकांचा होता. आजी फोनवर नेहमी डोंगरापलीकडे ऐकू जावं अशा आवाजात बोलते. भोंगा कोणाचा वारसा आहे ते उघड आहे.

"मियाओ साहेब? शिक्षण खात्यातले? बायकोसकट? आणा की, आणा. हांडी काय, दहा जणांना पुरेल."

ती दहा जणांना पुरणार नव्हती. घरच्या माणसांपुरतीच होती.

मी अक्रोडाची टोपली घेऊन आत गेले तेव्हा आजी हांडीवर झाकण ठेवत होती आणि चेहरा असा की एखादं कोडं सुटलंय. चुलीशेजारच्या राखेत सालं पडली होती. बचनागाची सालं, ओली, मातीचा वास असलेली.

"आजी, ही सालं कालची आहेत का?"

"आत्ताची. पाहुणे वाढले ना. मागच्या खोलीत अजून मुळं होती ती घातली."

माझ्या हातातली टोपली मी खाली ठेवली. "शिजत्या हांडीत?"

"मग काय दुसरी हांडी आणू? घाबरू नको, पाणी मी उकळतंच घातलं. एक थेंब गार नाही." ती खरोखर खूश होती. तिनं नियम पाळला होता.

आता ऐका. दर वर्षी हिवाळा सुरू झाला की जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडून शाळेत एक सूचना येते, आणि यंदा ती मी वाचली होती, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणून मला ती पाठ होती. शक्यतो बचनाग खाऊच नका. खाणारच असाल तर कितीतरी तास उकळा. आणि शिजायला लागलेल्या हांडीत नवीन मुळं टाकू नका. कारण बाधा बहुतेक वेळा त्यांचीच होते. गार पाण्यानं विष जागं होत नाही, ते मुळातच असतं आणि फक्त उकळून उकळून मरतं. नव्या मुळांतलं अजून मेलेलं नसतं. मी तो "मरतं" शब्द छान ठासून वाचला होता. बाई म्हणाल्या होत्या, वा.

मी आजीला हे सगळं सांगितलं. ठासून.

आजी ऐकत होती, म्हणजे आलं किसत होती. मग म्हणाली, "तुझा बाप जन्मायच्या आधीपासून मी बचनाग खातेय. भोंग्यावरून कोणी वाचून दाखवला नव्हता."

"पण आजी, नवी मुळं..."

"नवी म्हणजे काय नवी? चार तास आधी घालायची का रात्रभर शिजवायची, ते मला विचार. शिजतील जेवणापर्यंत. आणि काकांसमोर हे तोंड चालवू नकोस, तुझंच नुकसान आहे."

मी आईला उठवलं. ती एका क्षणात उठून बसली, जणू झोपलीच नव्हती. मी सांगत गेले तसा तिचा हात केसांत होता तो तिथेच थांबला.

"किती मुळं?"

"माहीत नाही. सालं एवढी." मी ओंजळ दाखवली.

ती खाली गेली, झाकण उचललं, पळी फिरवली. सगळं एकाच तपकिरी रंगाचं झालं होतं. जुना तुकडा कुठला नि नवा कुठला, देवालाही सांगता आलं नसतं. पाहुणे अजून यायचे होते. मी म्हटलं, "ओतून टाकू."

"कोण ओतणार? मी? रात्रभर आजोबांनी वाट बघितलेली हांडी?" आई झाकणाकडे बघत बोलत होती. "मग घरात राहायचं कसं ते पण भोंग्यावरून सांग."

"मग तू खाऊ नकोस."

"रुई, चव मलाच घ्यायची आहे." तिनं पळी खाली ठेवली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. "उलट बरं आहे. मी म्हणेन, जीभ बधिर होतेय. बधिर होतेय म्हटलं की कोणी खात नाही, हांडी उद्यापर्यंत उकळत राहील. आज हॅम आहे, कोंबडी आहे, बटाटे आहेत. काही बिघडत नाही."

मला ते फार हुशारीचं वाटलं. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "केसांना अक्रोडाची टरफलं लागलीत तुझ्या."

पाहुणे दिवस मावळताना आले. मोठ्या काकांची पांढरी गाडी, त्यातून मोठी काकू, मियाओ साहेब आणि त्यांची बायको. मियाओ साहेब गोल, हसरे, थंडीनं कान लाल झालेले. काका त्यांच्यासाठी दारं उघडत होते, उंबरा दाखवत होते, स्टूल स्वतःच्या बाहीनं पुसत होते. मोठ्या काकांना मी कधी स्टूल पुसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते, हे काकू आईला कोपऱ्यात हळूच सांगून गेली.

"ही आमची पुतणी," काका म्हणाले. "शाळेत ध्वनिक्षेपकावर बोलते."

"अरे वा," मियाओ साहेब म्हणाले. "मग बोलून दाखव काहीतरी."

काका माझ्याकडे बघून हसले. आजी माझ्याकडे बघून हसली नाही. मी म्हटलं, "जेवणानंतर, साहेब." सगळ्यांना ते उत्तर आवडलं.

हांडी आणून मधल्या खोलीत शेगडीवर ठेवली. दारं लावली, फटीत गोणपाट कोंबलं. वासानं डोळे मिटावेत असा रस्सा झाला होता. तो वास चांगला होता हे मला कबूल केलंच पाहिजे. मियाओ साहेबांनी पिशवीतून दारूची बाटली काढली आणि आजोबांनी ती हातानं बाजूला सारली. "याच्याबरोबर नाही. उद्या."

मग सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले आणि आईनं तुकडा उचलला.

तिनं तो चावला, गिळला, पेला हातात घेतला. मियाओबाई कुजबुजल्या, "हे काय करतात?" आणि काकू म्हणाली, "डोंगरातली रीत आहे, गंमत असते." आई बसून राहिली. चहा निवायच्या बऱ्याच आधी ती म्हणाली, "आई, जीभ चरचरतेय. अजून उकळायला पाहिजे."

आजोबांनी मान खाली घातली.

आजी म्हणाली, "कुठे चरचरतेय?"

"टोकाला. ओठ पण."

"दे इकडे." आजीनं स्वतः एक तुकडा काढला. तो तोंडात टाकल्याबरोबर विरघळला असणार, कारण तिनं फारसा चावलाच नाही. आजीनं जीभ टाळ्याला लावून बघितली, ओठ चोखले, बराच वेळ वाट बघितली आणि सगळ्यांना दिसेल अशी जीभ बाहेर काढली. "लोण्यासारखा शिजलाय. हिची जीभ झोपेतून उठली नसेल अजून. दुपारभर लोळत होती."

मियाओ साहेब हसले. काका हसले, कारण साहेब हसले.

मी म्हटलं, "आजी, तो कालचा तुकडा होता." माझा आवाज मैदानावरचा लागला. "दुपारी नवी मुळं पडलीत हांडीत. जुन्याची चव घेऊन नव्याचं कळत नाही. दोन्ही एकत्र आहेत. आरोग्य विभागाची सूचना आहे, मी स्वतः वाचली आहे. नवीन मुळं नीट शिजायला परत रात्रभर..."

"रुईश्या," काका म्हणाले, शिक्षक म्हणतात तसं, नाव पूर्ण आणि हळू. "आजी साठ वर्षं स्वयंपाक करतेय. तू सूचना वाचतेस."

"पण काका, सूचना कोणी तरी डॉक्टरनंच..."

"पाहुणे बसलेत."

आजीचे डोळे भरले. ते खोटं नव्हतं, तिला खरंच लागलं होतं. "म्हणजे मी माझ्या घरच्यांना, माझ्या मुलाच्या साहेबांना विष घालणार. सुनेनं आणि नातीनं आपसात ठरवलंय ते. हिचा नवरा तिकडे ग्वांगदोंगला फरशा पुसतोय म्हणून मोठ्याचं बरं झालेलं हिला बघवत नाही."

"आई, तसं नाही," माझी आई म्हणाली.

आणि आजोबा बोलले. आजोबा जेवताना बोलत नाहीत. ते आईला म्हणाले, "चुनरोंग, वाद नको. तू एक वाडगा भरून खा. तुला काही झालं नाही तर आम्ही खातो. झालं मग."

त्यांना वाटलं, त्यांनी न्याय केला.

आईनं वाडगा घेतला. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मी तिच्याकडे बघत राहिले, म्हण ना, म्हण ना. तिनं पळीनं वाडगा भरला, वरून एक, दोन, तीन तुकडे आले, तिनं ते निवडले नाहीत, टाळले नाहीत, सगळ्यांच्या नजरेसमोर जसे आले तसे घेतले. मग तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दुःखानं पण नाही. आम्ही बसस्टँडवर निरोप घेतो तेव्हा ती तशी बघते, नीट जा म्हणते तेव्हा.

जेवायच्या काठ्या तिच्या तोंडापाशी गेल्या आणि मी शेगडीवरच्या हांडीला लाथ मारली.

हांडी मातीची, आजीच्या माहेरची. ती शेगडीच्या कडेवर आपटली, फुटली आणि सगळा रस्सा निखाऱ्यांवर, राखेवर, फरशीवर, माझ्या पायावर. केवढी वाफ. मियाओबाई स्टुलावर चढल्या. मी हातानं आईच्या हातातला वाडगा उडवला, तो भिंतीवर गेला. पाय भाजल्याचं मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

पहिली थोबाडीत आईनं मारली. बाकी कोणी उठायच्या आत. आजोबांनी मारली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त गाल कळला.

काकांनी मियाओबाईंना हात देऊन खाली उतरवलं, त्यांचा कोट झटकला, साहेबांना म्हणाले, "खाली बाजारात एक बरं हॉटेल आहे." काकूनं पर्स उचलली. दारातल्या फटीतलं गोणपाट काकांनी पायानं बाजूला सारलं आणि गारठा आत आला. जाताना ते माझ्याकडे वळले.

"आमच्याकडे काकूला शांत घर लागतं," ते म्हणाले. एवढंच.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला. आजोबा उठून त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मागे राहिलो आम्ही तिघी आणि फरशीवर पसरलेलं जेवण. आई खाली बसून खापऱ्या गोळा करायला लागली.

आजी म्हणाली, "थांब."

तिनं शेगडीजवळ वाकून एक तुकडा उचलला. फुंकर मारून राख उडवली, बाहीला पुसला. "विष ना? बघ." आणि तोंडात टाकला.

"आजी, नको," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत चावत होती. चावत होती. शिजलेला बचनाग पिठासारखा विरघळतो, त्याला चावावं लागत नाही. आजीचे जबडे चालतच होते, गालाच्या हाडाजवळची शीर वर-खाली होत होती, आणि मला कळलं की तिच्याही लक्षात आलंय. थुंकता आलं असतं. तिनं गिळला.

मग ती स्टुलावर बसली, पाठ ताठ. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. आजीला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. पण थोडेसे बधिर तरी व्हावेत ते ओठ, टोकाला नुसत्या मुंग्या तरी याव्यात, एवढं मात्र मी मनापासून मागत होते. तिकडे आई खापऱ्या वेचायची थांबली होती आणि तीही बघत होती.

आजीनं चहाचा पेला उचलला. घोट घेतला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला आणि तिला कळला नाही.

मला आनंद झाला नाही. मागितलेलं मिळालं आणि मी तिच्या हातातून पेला काढून घेतला.

आई उठली. "आई, चला."

"कुठे? मला काही झालेलं नाही." तिचे शब्द जाड झाले होते, जिभेवर लोकर असल्यासारखे.

"तुम्हाला कुठे काय झालंय. पोरीचा पाय भाजलाय बघा केवढा. दवाखान्यात न्यायला पाहिजे. मी एकटी गाडी चालवू की तिला धरू? तुम्ही बसा मागे." आईनं हे इतक्या सहज म्हटलं की मीसुद्धा खाली पायाकडे बघितलं. मोजा कातडीला चिकटला होता. तेव्हा दुखायला लागलं.

आजी एकदा आजोबांच्या बंद दाराकडे बघून उठली. "पोरीच्या पायासाठी," ती म्हणाली.

"हो. पोरीच्या पायासाठी."

आमची बॅटरीवरची तीनचाकी, जिच्यातून आम्ही बटाटे नेतो, तिच्यात मागे मी आणि आजी रजई पांघरून बसलो. आई एवढ्या जोरात चालवत होती की मी लोखंड घट्ट धरलं होतं. आजीनं वाटेत एकदा कडेला तोंड करून ओकलं. मी तिची पाठ चोळली. ती म्हणाली, "वळणं फार आहेत."

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, केस बॉलपेननं वर बांधलेले. तिनं माझा पाय बघितला, मग आजीचा चेहरा बघितला आणि माझा पाय सोडून दिला.

"कधी खाल्ला?"

"पोरीचा पाय बघा," आजी म्हणाली.

"बचनाग," आई म्हणाली. "एक तुकडा, कच्चा. तास झाला नाही."

डॉक्टरणीनं पुढे काही विचारलं नाही. या दिवसांत तिला विचारावं लागत नसणार. आजीच्या छातीला तारा लावल्या, हाताला सलाइन. पडद्यावर रेघ धावायला लागली, तीन ठोके नीट, मग दोन घाईत, मग एक चुकलेला, मला वाटलं परत येणारच नाही, मग आला. मी ती रेघ बघत बसले. नर्सनं माझ्या पायाला मलम लावलं, पट्टी बांधली, मी "आई गं" पण म्हटलं नाही.

"दोन-तीन तुकडे असते तर एवढ्या वेळात इथे आणता आलं नसतं," डॉक्टरीण आईला म्हणाली. "अजून कोणी खाल्लं का?"

"मी चवीपुरता, तो शिजलेला होता," आई म्हणाली. "बाकी हांडी लवंडली."

"नशीब तुमचं."

आजी डोळे मिटून पडली होती. ती ऐकत होती, कारण पापण्या हलल्या.

सकाळपर्यंत रेघ एकसारखी धावायला लागली. आजी उठून बसली, केस बांधले आणि मला म्हणाली, "घरी काही बोलायचं नाही." जिभेवरची लोकर गेली होती.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती बोलेल. आता तर पुरावा आहे, डॉक्टरीण आहे, पडदा आहे. आजोबांना एक फोन, काकांना एक फोन. काकांना कळलं असतं की मी त्यांच्या साहेबांचा जीव वाचवला, तर मला पाचव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं त्यांनी, शांत घर गेलं खड्ड्यात.

आई मला बाहेर घेऊन आली. पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर होता.

"सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलं तर काय होईल? आजी सगळ्यांसमोर खोटी पडेल. एवढ्या वयात." तिनं माझा मफलर नीट केला. "आणि मग ती मला कधी माफ करणार नाही. तू दोन वर्षांत कुठे ना कुठे निघून जाशील, रुई. मला त्या चुलीपाशीच राहायचंय, तिच्याबरोबर."

"आणि मी? मी चूचिंगला..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माहीत आहे." आणि दुसरीकडे बघायला लागली.

मी, जिचा आवाज अख्ख्या मैदानावर जातो, मी गप्प बसले.

घरी पोचलो तेव्हा आजोबा फाटकात उभे होते. "एवढा वेळ?"

"पोरीच्या पायानं रात्रभर अडकवून ठेवलं," आजी म्हणाली आणि आत गेली. तिच्या पाठोपाठ मी लंगडत.

गावात आता मी हांडी फोडणारी. शेजारची बाई मला बघून आपली भांडी उचलून घेते, चेष्टेनं, पण उचलते. काकांचा फोन आजोबांच्या फोनवर येतो, माझ्याबद्दल कोणी विचारत नाही. बाबा ग्वांगदोंगहून फोन करतात तेव्हा म्हणतात, "बाळ, आजीची माफी मागितलीस का?" मी म्हणते, मागितली. खरंच मागितली मी, आजोबांसमोर, मान खाली घालून. आजीनं डोक्यावर हात ठेवला आणि "लहान आहे" म्हणाली. हात तिनं लगेच उचलला नाही. ते फक्त मला कळलं.

परवा मोठी काकू फोनवर आजीला विचारत होती. तिच्या ओळखीच्या कोणाचे तरी गुडघे दुखतात, तर बचनाग कसा शिजवायचा. मी आणि आई दारात लसूण सोलत बसलो होतो. आजीचा आवाज डोंगरापलीकडे जात होता.

"सगळी मुळं पहिल्यांदाच टाकायची. एकदम. मागाहून एक जरी टाकलं तरी हांडी फेकून द्यायची, विचार करायचा नाही. नाही नाही, गार पाण्याचं राहू दे, मुळांचं लक्षात ठेव. आमच्या घरात पहिल्यापासून असंच आहे."

मी हातातली पाकळी खाली ठेवली. "आजी, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

आजीनं फोन कानापासून जरा लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू हांडी फोडलीस ती फोडलीस," ती म्हणाली. "आता तोंड आवर."

मग ती फोनमध्ये म्हणाली, "आणि चव कोण घेतंय ते आधी ठरवून ठेव," आणि आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट, मी उठू नये म्हणून.